आईच्या वळणावर

सांगली,
१२ जानेवारी २०२३

ती. सौ. आईस,
मयूरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र गेल्या गुरुवारी मिळालं. बिराप्पा पोस्टमनला माझा नमस्कार सांग. पत्र घरी न टाकता सकाळी डेअरीत तुझ्या हातात देतो, हे उपकार मोठे आहेत. मोबाईल आबांच्या खिशात, त्यावर काही पाठवलं तर आधी तेच वाचणार. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही. मी सहावीत असताना त्या तापात तुझे कान गेले, तेव्हापासून तू बोलतेस आणि मी लिहून दाखवते. आता फक्त पाटीऐवजी पोस्टाचं पाकीट आलं.

धनाजीनं मला गणपती पेठेत पाहिलं आणि घरी येऊन विश्वजीत कमरेत सुटलाय, गाल वर आलेत, बाईगत दिसतो असं सांगितलं, म्हणून तू घाबरून लिहिलंस. धनाजी खोटं बोललेला नाही. चुलतभाऊ असून हाक मात्र मारली नाही, एवढंच वाईट वाटलं.

आई, मी आजारी नाही. ऑगस्टमध्ये मी मुलगी आहे हे घरी सांगितलं, त्याच महिन्यात मिरजेच्या डॉक्टरीणबाईंचं औषध चालू झालं. आबांनी दार लावून घेतल्यामुळे त्या दिवशी पुढचं काही सांगताच आलं नाही, म्हणून आता सांगते. या औषधानं अंगातली चरबी बायकांसारखी बसायला लागते. पूर्वी मी जास्त जेवले की पोटावर दिसायचं, आता मांड्यांवर आणि कमरेवर दिसतं. गालांची हाडं झाकली गेलीत. छातीला गाठ धरली आहे, ती कधीकधी दुखते, पण ते दुखणं मला चालतं. बाई सांगतात की हे दोन-तीन वर्षं सावकाश होत राहील. जुनी चरबी उठून दुसरीकडे जात नाही, नवी येते ती नव्या जागी बसते. घाई करून गोळ्या वाढवायच्या नाहीत, अशी त्यांनी तंबी दिली आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. ते मी आमच्याच लॅबमध्ये काढून घेते, सहकारी मुली थट्टा करतात की हिला सुई टोचून घ्यायची हौस आहे.

म्हैस व्याली का? रेडी झाली की रेडा? तुझ्या गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, बाकी काही मागणं नाही.

तुझी
मयूरी


कुंडल,
२९ जानेवारी २०२३

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र तीन डाव वाचलं. समजलं बी आनि न्हाई बी. रेडी झाली हाय, कपाळावर चांदवा हाय. दूध अजून खरवसाचंच चाललंय. तुला खरवस लय आवडायचा, म्हनून औंदा मी केलाच न्हाई. कुनाला घालायचा?

बाळा, राग मानू नको, मनात हाय ते लिवते. तुज्या अंगासाठी मी आट वर्सं पाटं चारला उठलीया. तालमीत जायच्या आदी तुला बदाम वाटून दिलं, चरवीभर दूद दिलं. तुजं आबा सुट्टीवर आलं की सोता तुला तेल लावून रगडायचं. पलटनीत सगळ्यांस्नी सांगायचं, माज्या पोराचा खांदा बघा म्हनून. तू ते अंग उतरवाय निगालाईस. आमचं काय चुकलं का? ते अंग तुला बोचत हुतं तर तवाच का न्हाई सांगितलं?

औषिदानं दुकतं म्हनलास. कुटं दुकतं, किती दुकतं ते नीट लिव. आनि औषिद मदीच सोडलं तर मागचं परत येतंय का, ते बी डॉक्टरीणबाईला इचार. मी सोड म्हनत न्हाई. नुसतं इचार.

आबा तुजं नाव काडत न्हाईत. जेवताना दोन घास कमी खात्यात. मला ऐकू येत न्हाई तर मानसाच्या तोंडाकडं बघूनच समजाय लागतं, त्यांच्या तोंडाकडं बघवत न्हाई.

सांबाळून ऱ्हा. थंडी हाय. आईला इसरू नको.

तुजी आई
रंगू


सांगली,
४ जून २०२३

ती. सौ. आईस,
मयूरीचा सा. नमस्कार. वि. वि.

मध्ये इतके दिवस पत्र लिहिलं नाही. तुझा प्रश्न उशाशी होता, आमचं काय चुकलं हा. त्याला उत्तर शोधत होते. आई, तुमचं काही चुकलं नाही. तू दिलेल्या दुधाचा एक थेंबही मी फुकट घालवलेला नाही. पण त्या अंगात मी परक्याच्या घरी राहावं तशी राहिले. पाहुण्यांच्या घरात कितीही सोय असली तरी माणूस पाय पसरून बसत नाही, तसं. कुस्ती जिंकून आले की आबा खांद्यावर थाप मारायचे आणि मला वाटायचं, ही थाप माझ्या शेजारच्या कुणाला तरी मिळाली. हे तेव्हा सांगायला मला शब्द नव्हते. असते तरी सांगितलं नसतं, आबांचं तोंड किती उजळायचं तू पाहिलं आहेस.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. औषध थांबवलं तर चरबी आणि ताकद काही अंशी मागे फिरते, छाती मात्र आली ती राहते. मी थांबवणार नाही, आई.

ताकद खरंच उतरली आहे. परवा पाण्याचा वीस लिटरचा जार जिन्यात मध्येच टेकवावा लागला. खोलीमालकीणबाई वरून बघत होत्या. मी जिन्यात बसून हसले आणि नंतर रडले. ज्या हातांनी तालमीत दीडशे किलोचं लाकूड ओढलं ते हेच का, असं वाटलं. ते गेल्याचं वाईट वाटत नाही असं नाही गं. आपलं नसलं तरी इतकी वर्षं वापरलेलं होतं.

एक विचारायचं आहे. बाई म्हणाल्या की चरबी कुठे किती बसेल हे औषधापेक्षा घराण्यावर जास्त असतं. आईकडच्या बायका कशा आहेत, असं त्यांनी विचारलं. मला काही सांगता आलं नाही. गोदावरी मावशी जाड आहे एवढंच सुचलं. तू माझ्या वयाची होतीस तेव्हा कशी होतीस? मला तू आठवतेस ती चुलीपुढे, नाहीतर भारा घेऊन. अंगानं कशी होतीस, ते आठवत नाही. सांगशील?

आबांनी पोटभर जेवावं असं माझ्या नावाशिवाय त्यांना सांग. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी
मयूरी


कुंडल,
२ जुलै २०२३

चि. बाळास,
आईचे पोटभरून आशीर्वाद.

कशी हाईस? आदी कसा लिवलं, मग खोडलं. पुडं बी असंच खाडाखोड दिसंल. तोंडानं तुला आजवर जे म्हनत आले ते हातानं येकदम कसं सुटंल? पर लिवताना इचार कराय येळ मिळतोय, तेवडं बरं हाय.

तू इचारलंस त्यावर मी दोन दिस हसत हुते. माजं लगीन हून तेहतीस वर्सं झाली, मी अंगानं कशी हुते हे मला कुनी इचारलं न्हाई. तुज्या आबांनी बी न्हाई. सगळ्यांनी ह्येच इचारलं, भारा उचलंल का, धारा काडंल का.

तर ऐक. आमी कोरेगावच्या बायका वरनं बारीक आनि कमरंला भारी. माजी आई तशी, गोदाक्का तशी, मी बी तशीच. लगीन झालं तवा मी काटकी हुते, गालावर मातुर मांस हुतं. सासूबाई म्हनायच्या पोरीचं गाल बघून घरात खायला कमी न्हाई असं वाटतंय. तू झाल्यावर मी भरले. घागर कमरंवर ठिवली की हात लावाय लागायचा न्हाई, बसल्यागत बसायची. हिरीवरच्या बायका म्हनायच्या रंगूला देवानं घागरीसाटीच घडवलीया. मला लय लाज वाटायची, पदर मागनं वडून घ्यायची. आता वाटतंय कशाला वडत हुते? चांगली हुते की मी.

दंड बारीक, बोटं लांब. छाती लय न्हवती. गोदाक्काची बी न्हाई. तुला बी लय येनार न्हाई, आदीच सांगते, मग डॉक्टरीणबाईला बोल लावशील.

कोरेगावला मावशीकडं जानार हाय श्रावनात. तितं तू येशील का, असं तिला इचारून बगते. आज न्हाई जमलं तर फुडं. मला अजून धीर हुत न्हाई, खरं सांगते. पर आदी मला तू दिसू नयेस असं वाटायचं, आता कशी दिसत असशील असं वाटतंय. एवडा फरक पडलाय.

मला पत्र धाडत जा, त्याच्यावरच माजा दिस जातोय.

तुजी आई


कुंडल,
२० नोव्हेंबर २०२३

चि. बाळास,
दिवाळीचे आशीर्वाद.

श्रावनात कोरेगावला जायचं ऱ्हायलं, अंगात ताकद न्हवती. दिवाळीला गोदाक्का हिकडं आली. तिच्याबरूबर तुला चकल्या धाडल्या, सांगली स्टँडवर तू तिच्याकडनं घेतल्यास ते कळलं. चकल्या तिनंच केल्या, माजा हात चालला न्हाई. काटा येत न्हवता चकलीला, तर गोदाक्का मलाच रागावली.

गोदाक्का तुला बगून आल्यावर मला म्हनली, रंगे, तुजीच लेक हाय. आनि रडली. तिनं तुजा फोटू बी काडला हुता मोबाईलवर, मी बघितला. रातभर जीव भरल्यागत वाटत हुतं.

इकडं मी वाळत चाललीया. झंपर सगळं सैल झालं, आत घेऊन शिवलं तरी परत सैल. बांगड्या हातातनं आपसूक निगत्यात. जेवान गोड लागत न्हाई, पाटीत दुकतंय, रातीला कुशीवर झोपवत न्हाई. गोदाक्काला मी म्हनलं, माज्या अंगावरचं उतरतंय ते सांगलीला पोरीकडं चाललंय. आमी दोगी लय हसलो.

तुज्या आबांनी काय लक्ष दिलं न्हाई असं समजू नको. त्येंनी टॉनिकची बाटली आनलीया.

तू बरी ऱ्हा. तुज्या अंगावर दिसू दे, ह्येच माजं मागनं.

तुजी आई


सांगली,
२३ नोव्हेंबर २०२३

ती. सौ. आईस, सा. न.

पत्र आत्ता मिळालं. ही चार ओळींची चिठ्ठी डेअरीच्या गाडीवाल्याकडे देते आहे, पोस्टाची वाट बघवत नाही.

आई, चरबी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जात नाही. मी लॅबमध्ये काम करते, रोज कागद बघते. वजन असं कारण नसताना उतरणं, जेवण न जाणं आणि पाठ दुखणं हे टॉनिकनं जाणारं नाही. उद्याच्या उद्या मिरजेला ये. पोटाची सोनोग्राफी आणि रक्त. डोळे पिवळे दिसतात का ते आबांना बघायला सांग.

ही चिठ्ठी आबांना दाखव. माझं अक्षर बघून ते रागावले तर रागावू देत.

मयूरी


कुंडल,
९ डिसेंबर २०२३

चि. बाळास,
आईचे आशीर्वाद.

चिट्टी आबांना दावली. त्येंनी वाचली, घडी घालून खिशात ठिवली आनि दुसऱ्या दिवशी गाडी सांगितली.

तपासनी झाली. सोनोग्राफी, मग ते मोटं मशीन बी. आबा आनि धनाजी डॉक्टरसंगं लय येळ बोलत हुते, मी तोंडं बगत बसले. धनाजीचं डोळं भरलं तवाच मला कळलं. मग त्येनं कागदावर लिवून दावलं. पोटात आत, स्वादुपिंड म्हंत्यात, तितं गाट हाय. कॅन्सर हाय. आपरेशन हुनार न्हाई, उशीर झाला.

तू रडू नको. मी रडून झाले.

आता खाट मिळंल तवा ॲडमिट व्हायचं हाय, जानेवारी उजाडंल म्हनलं. बायकांच्या वार्डात रातच्याला पुरुष ऱ्हात न्हाईत, जवळ बाईमानूसच लागतं असं धनाजी चवकशी करून आला. गोदाक्काचं गुडगं गेल्यात, तिला जिना चडवत न्हाई. आबा म्हनलं पैसे दिऊन बाई ठिवू. मी म्हनलं मला परकी बाई नको. माजी पोरगी दवाखान्यापासनं पाच-सा मैलावर हाय. असं तोंडातनं गेलं. मला ऐकू येत न्हाई म्हनून बोलून टाकायला बरं पडतंय. आबा उटून गोट्यात गेले.

तू ये. मला तुला हात लावून बगायचं हाय. फोटूत समजत न्हाई.

तुजी आई


सांगली,
३ मार्च २०२४

ती. आबांस,
मयूरीचा सा. नमस्कार.

तुम्हाला मी आजवर पत्र लिहिलेलं नाही. तुम्ही पलटणीत असताना आईच्या पत्राखाली माझ्या दोन ओळी असायच्या तेवढ्याच. आता त्या वर लिहायला आई नाही. तिला जाऊन आज तीन आठवडे झाले.

एकोणीस दिवस तुम्ही वॉर्डाच्या दारात मला डबा दिलात. दाराच्या आत काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही, पुरुषांना सोडत नव्हते. ते तुमच्याकडे असावं म्हणून लिहिते.

पहिल्या संध्याकाळी सिस्टरनं पेशंटजवळ कोण थांबणार असं विचारलं. तुम्ही डबा खाली ठेवला आणि ही ऱ्हाईल म्हणालात. एवढं म्हणायला तुम्हाला किती जड गेलं असेल हे मला माहीत आहे. सिस्टरनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि नोंदवहीत नात्याच्या जागी मुलगी असं लिहून टाकलं. तिला ते एका क्षणात जमलं.

आई खिडकीकडच्या खाटेवर होती. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ती मोठ्यानंच बोलायची. पहिल्याच सकाळी तिनं सगळ्या वॉर्डाला ओरडून सांगितलं की ही माझी थोरली. शेजारी जतच्या एक बाई होत्या. त्यांनी धाकटी कुठे असते असं विचारलं. मी वहीत लिहून आईला दाखवलं, तर ती इतकी हसली की तिला खोकला लागला. थोरली बी हीच आणि धाकटी बी हीच, असं ती म्हणाली.

अंग पुसायला मी तिला उचलायची. पूर्वी एका हातानं उचललं असतं, आता दोन्ही हात लागायचे, आणि तरी ती चौतीस किलोच होती. एकदा तिनं माझा दंड चाचपला, तालमीतला गोळा शोधत असावी. तो सापडला नाही. मग तिनं माझ्या कमरेवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. ही आमची कोरेगावची हाय, असं ती म्हणाली. बायका हसल्या. हळू बोल असं मी वहीत लिहिलं. तिनं ते वाचलं आणि आणखी मोठ्यानं म्हणाली.

तुमची चौकशी रोज असायची. बाकड्यावर बसून पाठ धरली असेल, चहा बिनसाखरेचा मिळतो का, असं. एका दुपारी अर्धं केळं तिनं तुमच्यासाठी ठेवायला लावलं. ते मी आयाबाईंच्या हाती पाठवलं होतं. तुम्हाला मिळालं का, मला कधी कळलं नाही.

शेवटच्या दिवशी दोन चमचे पेज घेतली. मला वेणी घालायला सांगितली. केस फार उरले नव्हते, तरी घातली. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली की ही उशी बरी हाय, दवाखान्यातली टोचते. त्यानंतर ती बोलली नाही. सकाळी अकरा वाजता गेली. त्या सकाळी तिला दुखलं नाही, आबा, ते मी शपथेवर सांगते.

मग धनाजी तुमचा निरोप घेऊन आला. अग्नी मुलानंच द्यायचा, केस उतरवून, धोतर नेसून, उघड्या अंगानं. जमत असेल तर यावं.

केस मी दिले असते. दुसऱ्या क्षणी दिले असते. पण उघड्या अंगानं गावापुढे उभी राहू शकले नसते. ते अंग आता आईसारखं आहे. हे तुम्हालाही माहीत होतं. तरी तुम्ही का सांगून पाठवलंत, हे मला अजून उमगत नाही.

गावी आले ती बायकांत बसले. मावशीनं हात धरून ठेवला होता. बायका मारुतीच्या देवळापर्यंतच जातात. तिथून वळणापर्यंत तिरडी दिसली, पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलेलं नाही. धनाजीला विचारलं, तो रडायलाच लागला. तुम्ही सांगाल का? वॉर्डात तुम्ही नव्हता, ओढ्यावरच्या स्मशानात मी नव्हते.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल. एवढं कळवा.

मयूरी


कुंडल,
१४ एप्रिल २०२४

चि.

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. उत्तराला येळ लागला. मला लांबड लावता येत न्हाई. इचारलंय ते सांगतो.

चार वाजता देवळापासनं म्होरं निघालो. म्होरल्या बाजूला मी आनि धनाजी. खांद्याला वजन लागलं न्हाई. दोन डाव मी मान वळवून बघितली, वर हाय का न्हाई म्हनून. ओढ्याला पानी न्हवतं, घरनं दोन घागरी नेल्या हुत्या. धनाजीनं अग्नी दिला. मी त्याचं मनगट धरलं हुतं.

पेटायला येळ लागला. ज्योतिबा म्हातारा सरपान रचतो, तो म्हनला अंगात चरबी उरली न्हाई, त्यामुळं धरत न्हाई, तूप वाडवा. घरात हुतं नव्हतं ते सगळं तूप धनाजीला पळवून आनाय लावलं. मी वतलं. तिनं कडवलेलं तूप हुतं. लोकं साडेपाचला परतली. मी अंधार पडस्तवर बसलो. वेणी घातलेली मी बघितली हुती. कुनी घातली ते आता तुज्या पत्रानं कळलं.

केळं मिळालं. खाल्लं.

वार्डातलं मला काय ठाऊक न्हाई असं न्हाई. तिचा आवाज बाकड्यापतूर यायचा. थोरली म्हनली ते ऐकलं. कोरेगावची म्हनली ते बी ऐकलं. शेजारी बसलेल्या मानसानं तुमची लेक का म्हनून इचारलं. मी उटून पानी प्यायला गेलो.

उघड्या अंगानं ये असं का सांगितलं. जमनार न्हाई हे ठाऊक हुतं. मला त्या दिवशी येकटं वाटलं. असं वाटलं की येकदा, शेवटचं, माजं पोरगं माज्या बाजूला उभं ऱ्हावं. तालमीतनं यायचा तसा. मी त्याला हाक मारून बघितली म्हन. धनाजी एकटा परत आला तवा समजलं, तो आता न्हाई. मला राग कदीच न्हवता. रागानं मी दार लावलं न्हाई. माज्या हातानं घडवलेलं पोर रोज थोडं थोडं जातंय, ते बगत बसायची छाती झाली न्हाई.

डबा देताना मी पायाकडं बघायचो. शेवटच्या दिवशी वर बघितलं. रंगू लगीन हून आली तवा अशीच हुती. हेच गाल. मला तितं उभं ऱ्हावलं न्हाई, त्यामुळं मी गाडीत जाऊन बसलो.

तवा सांगतो ते नीट वाच. गावाला येऊ नको. ह्या वर्साला तरी नको. लोकांना भ्यून म्हनत न्हाई. दार उघडलं आनि तू उभी दिसलीस तर माज्या तोंडातनं तिचं नाव जाईल. ती हाक तुजी न्हाई. तुला तुजी हाक मारता येईपतूर मला येळ लागंल. येईल का न्हाई ते बी सांगता येत न्हाई. मी आता चौसष्टचा हाय.

जेवत जा. औषिद डॉक्टरीणबाई सांगतील तसंच घे, मनानं वाडवू नको. पत्र धाडलंस तर बिराप्पाला घरीच द्याय सांगितलंय.

एवढंच.

सयाजी

ता. क. पाकिटावर मयूरी असं घातलंय, त्याबिगार तितला पोस्टमन तुज्या हातात दिनार न्हाई. त्याच्याम्होरं माजं नाव बी लावलंय. आत मातुर चि. लिवलं आनि म्होरं काय लिवावं ते चार दिस सुचलं न्हाई. जागा सोडली हाय.